स्वेल खोऱ्यातली वहिवाट

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायर डेल्स हा डोंगराळ मुलूख आहे. 1954 साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. उद्यान म्हटले तरी हे निर्मनुष्य रान नव्हे. येथे नांदती गावे, खासगी शेते आणि मेंढ्यांचे कळप आहेत. त्यातल्या स्वेल नदीच्या खोऱ्यात एक फेरी आहे. म्यूकर गावातून निघायचे, नदीच्या काठाने केल्डपर्यंत जायचे आणि किस्डन डोंगराला वळसा घालून पुन्हा म्यूकरला यायचे. अंतर सुमारे दहा किलोमीटर, रमतगमत गेले तरी अर्ध्या दिवसाचे काम. वाट बहुतेक ठिकाणी कुणाच्या ना कुणाच्या मालकीच्या जमिनीतून जाते, तरी चालणाऱ्याला कुणी हटकत नाही. ही मोकळीक आली कुठून, याचा माग काढू लागलो की फेरीतल्या प्रत्येक टप्प्यावर काही ना काही हाती लागते.

म्यूकरची घरे संपतात तिथेच कुरणे सुरू होतात. त्यांच्यामधून एका माणसापुरती फरसबंद पायवाट काढलेली आहे आणि एकामागोमाग एक चालावे, अशी विनंती पाटीवर केलेली आहे. त्यामागे शेतकऱ्याचा रोकडा हिशेब आहे. या थंड, उंच खोऱ्यात धान्य फारसे पिकत नाही. गवत हेच पीक. ते तुडवले गेले तर कापता येत नाही. वसंतात मेंढ्या कुरणातून काढून डोंगरावर नेतात, मग गवत वाढू देतात आणि जुलैच्या मध्यानंतर ते कापून वाळवतात. कापणी अशी उशिरा होत असल्यामुळे रानफुलांना बी धरून ते सांडायला वेळ मिळतो. यलो रॅटल नावाची पिवळ्या फुलांची एक वनस्पती तर गवताच्या मुळांतूनच अन्नरस शोषते. त्यामुळे गवताचा जोर कमी होतो आणि इतर फुलांना जागा मिळते. जूनमध्ये दिसणारा रंगांचा सोहळा हा या वेळापत्रकाचा परिणाम आहे.

कुरणाकुरणातून दगडी गोठे उभे आहेत. पूर्वी वरच्या माळ्यावर गवत साठवत, खाली हिवाळाभर गायी बांधत आणि साठलेले शेण वसंतात त्याच कुरणात पसरत. चारा, जनावर आणि खत यांची ने-आण वाचवणारी ही रचना होती. बांध घातले आहेत तेही चुना-सिमेंट न वापरता, नुसता दगडावर दगड बसवून. या बांधांत जागोजागी अरुंद फटी ठेवलेल्या आहेत. त्यांतून माणूस अंग चोरून पलीकडे जातो, मेंढी मात्र अडते.

विसाव्या शतकात रासायनिक खते आली, गवत हिरवे असतानाच कापून मुरवायची पद्धत आली आणि असली कुरणे झपाट्याने गेली. 1930च्या दशकापासून इंग्लंड आणि वेल्समधली सुमारे 97 टक्के फुलांची कुरणे नाहीशी झाली, असा अंदाज आहे. स्वेल खोऱ्यात ती राहिली याला उंची आणि हवामान जसे कारण, तसा सरकारी पैसाही. 1987 साली पेनाइन डेल्स हे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले आणि जुन्या पद्धतीने कुरण राखणाऱ्या शेतकऱ्यांना मोबदला मिळू लागला.

पुढे लहान पूल ओलांडून वाट नदीच्या पूर्व काठाला लागते. उजवीकडच्या स्विनर गिल घळीत आणि वरच्या उतारांवर शिशाच्या खाणींचे अवशेष आहेत. उतारावर बांध घालून पाणी अडवायचे, मग एकदम सोडून माती वाहून न्यायची आणि खालची धातूची शीर उघडी पाडायची, अशी येथली एक रीत होती. तिचे व्रण डोंगराच्या अंगावर अजून दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशातून स्वस्त शिसे येऊ लागले, खाणी बसल्या आणि माणसे डरहॅमच्या कोळसाखाणींकडे, लँकेशरच्या गिरण्यांकडे, काही तर थेट अमेरिकेला गेली. क्रॅकपॉट हॉल हे उतारावरचे शेतघरही खाणकामाने जमीन खचल्यामुळे 1950च्या दशकात सोडून द्यावे लागले. आज पर्यटक ज्याला निवांतपणा म्हणतात, त्यात उठून गेलेल्या वस्तीचा वाटा मोठा आहे.

केल्डजवळ नदी धबधब्यांवरून उतरते. 1965 साली खुला झालेला पेनाइन वे आणि आल्फ्रेड वेनराइट यांनी 1973च्या पुस्तकात आखलेला किनारा ते किनारा मार्ग, हे दोन्ही लांब पल्ल्याचे मार्ग येथे एकमेकांना छेदतात. परतताना किस्डनवरून जाणारी जुनी वाट धरता येते. या फेरीतला खरा चढ तेवढाच. ही प्रेतवाट. 1580 साली म्यूकरला चर्च होईपर्यंत वरच्या खोऱ्यातले मृतदेह दफनासाठी थेट ग्रिंटनला न्यावे लागत. वेताच्या हलक्या पेट्यांतून, खांद्यावरून, वाटेत मुक्काम करत. अशाच गरजांतून येथल्या वाटा रुळल्या: कुणी दफनाला, कुणी खाणीवर, कुणी बाजाराला जात असे.

या वाटा टिकल्या कशा, याचे उत्तर कायद्यात आहे. एखादी वाट लोकांनी हक्काने, विनाअडथळा 20 वर्षे वापरली, की ती सार्वजनिक झाली असे इंग्लंडचा कायदा धरून चालतो. मालकाने तसा इरादा नसल्याचे दाखवून दिले तरच अपवाद. 1949च्या कायद्याने काउंटी मंडळांना अशा वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. नकाशावर चढलेली वाट शेत विकले गेले तरी कायम राहते. शेतातून जाणारी पायवाट पेरणीसाठी नांगरावी लागली, तर शेतकऱ्याने साधारणपणे 14 दिवसांत ती पूर्ववत करायची असते. उंचावरच्या मोकळ्या माळांचा प्रश्न वेगळा होता. त्यासाठी 24 एप्रिल 1932 रोजी किंडर स्काउट या डोंगरपठारावर शेकडो कामगार तरुण मनाई मोडून चढले, पाच जण तुरुंगात गेले. माळांवर फिरण्याचा व्यापक हक्क कायद्यात यायला मात्र 2000 साल उजाडले.

सगळ्या वाटा अजूनही नोंदल्या गेलेल्या नाहीत. रॅम्बलर्स या पदयात्रींच्या संस्थेने 2020 साली जुने आणि नवे नकाशे ताडून पाहिले, तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये 49,000 मैलांच्या वाटा अधिकृत नोंदीतून सुटल्याचे आढळले. ज्या देशात या हक्काची एवढी जपणूक होते, तिथली ही स्थिती.

आपल्याकडेही गावनकाशावर तुटक रेषांनी पायमार्ग आणि गाडीमार्ग दाखवलेले असतात. बांधावरून वाट मागण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 143 आहे, अडवलेली वहिवाट मोकळी करून घेण्यासाठी 1906चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. हे दोन्ही बहुधा भाऊबंदकीच्या दाव्यांतच आठवतात. दिवाळीला गावी जाल तेव्हा भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत काढून घ्या आणि त्यातली एक तरी तुटक रेषा पायी चालून पाहा. जिथे वाट बुजलेली दिसेल, तिथे ग्रामसभेत विषय मांडा. पायाखालून गेलेली वाट कागदावरून जायला वेळ लागत नाही.