नायजेरियाचे राज्यकर्ते आणि त्यांना झोंबणारी गाणी

नायजेरिया म्हटले की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक तर फुटबॉल येतो, नाही तर कुठल्या तरी फसवणुकीची बातमी. २० कोटींहून अधिक लोकवस्तीचा, ५०० च्या वर भाषा बोलणारा हा देश १ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्रजांच्या अमलातून सुटला. जमिनीखाली तेल आहे आणि जमिनीवर दिवे जातात, अशी त्याची अवस्था. तेथील सामान्य माणसाला आपल्या राज्यकर्त्यांविषयी खरोखर काय वाटते हे जाणून घ्यायचे असेल तर वाचकांनी तेथली गाणी ऐकावीत, असे आम्ही सुचवू.

ही परंपरा फेला कुटी या गायकापासून सुरू झाली असे सर्रास लिहिले जाते. आम्हाला ते अर्धेच खरे वाटते. सुरुवात करायची तर त्याच्या आईपासून करावी लागेल. फुनमिलायो रॅन्सम-कुटी या शिकलेल्या बाई. अबेओकुटा गावात सुशिक्षित स्त्रियांचे एक मंडळ त्या चालवीत. पुढे बाजारात भाजी-धान्य विकणाऱ्या अडाणी बायका त्यांच्याकडे येऊ लागल्या आणि मंडळाची संघटना झाली. इंग्रज सरकार तेथील राजाच्या हातून स्त्रियांवर वेगळा कर बसवीत होते. मतदानाचा हक्क नाही, पण कर मात्र भरा! १९४७ साली हजारो स्त्रिया राजवाड्यासमोर ठाण मांडून बसल्या. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते, गाणी होती. राजाची निंदा करणारी, त्याला लाज वाटावी अशी गाणी त्या रात्रंदिवस म्हणत. अखेर कर उठला आणि जानेवारी १९४९ मध्ये राजाला गादी सोडावी लागली. फेला तेव्हा दहा वर्षांचा होता. गाण्याने सत्ता हलते हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९३८ साली जन्मलेल्या या मुलाला १९५८ मध्ये लंडनला डॉक्टरी शिकायला पाठविले. त्याने तिकडे संगीताच्या महाविद्यालयात नाव घातले. परत येऊन काही वर्षे तो नाचगाण्याचीच गाणी करीत होता. १९६९ साली आपला वाद्यवृंद घेऊन तो अमेरिकेत गेला, तेथे ब्लॅक पँथर चळवळीतील एका तरुणीशी त्याची ओळख झाली आणि तिने माल्कम एक्सचे आत्मचरित्र त्याच्या हाती दिले. आपण आफ्रिकी आहोत हे आफ्रिकेत राहून आपल्याला कळले नव्हते, अमेरिकेत कळले, अशा अर्थाचे तो पुढे सांगत असे. ज्या ब्लॅक पँथरच्या ठिणगीवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तीच ठिणगी त्याआधीच लागोसला पोहोचली होती. आपल्याकडे तिने कविता पेटविली, तिकडे सॅक्सोफोन.

त्याने दोन निर्णय घेतले, आणि आमच्या मते त्याचे सारे यश त्यांत आहे. पहिला निर्णय भाषेचा. योरुबा ही त्याची मातृभाषा, पण योरुबात गायले तर हौसा आणि इग्बो लोकांना कळणार नाही. शुद्ध इंग्रजीत गायले तर फक्त साहेबांना कळेल. त्याने पिजिन उचलली. बंदरावरचा हमाल, बसचा कंडक्टर, पोलीस शिपाई, मासळीवाली हे सगळे जी मोडकी इंग्रजी बोलतात ती ही भाषा. आपली बंबैया हिंदी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल. दुसरा निर्णय लांबीचा. त्याचे एकेक गाणे दहा-पंधरा मिनिटांचे, कधी त्याहून मोठे. आधी बराच वेळ नुसता ठेका, मग बोलणे, मग कोरसमधील स्त्रियांची साथ. रेडिओला हे परवडणारे नव्हते. पण लागोसमध्ये ‘श्राइन’ नावाचा त्याचा स्वतःचा अड्डा होता, तेथे तो गाणे थांबवून राज्यकर्त्यांची नावे घेऊन टिंगल करी.

१९७६ च्या ‘झॉम्बी’ या गाण्यात त्याने लष्करी शिपायाची तुलना चालत्या प्रेताशी केली. चल म्हटले की चालतो, थांब म्हटले की थांबतो, मार म्हटले की मारतो, स्वतःचा विचार म्हणून नाही. परेडचे हुकूमच गाण्यात घातलेले. तेव्हा देशात लष्करी राजवट, प्रमुख जनरल ओबासान्जो. त्यातच १९७७ च्या आरंभी सरकारने लागोसला आफ्रिकी कलेचा प्रचंड महोत्सव भरविला. फेलाने त्यावर बहिष्कार टाकला, आणि परदेशी पाहुणे महोत्सव सोडून त्याच्या अड्ड्यावर गर्दी करू लागले.

महोत्सव संपून आठवडा उलटला नाही तोच, १८ फेब्रुवारी १९७७ रोजी सुमारे एक हजार सैनिकांनी त्याच्या घराला वेढा घातला. या घराला त्याने ‘कलाकुटा प्रजासत्ताक’ असे नाव दिले होते. पूर्वी तो ज्या तुरुंगात होता तेथील कैद्यांनी आपल्या कोठडीला दिलेले हे नाव, आणि त्याचे मूळ कलकत्त्याच्या अंधारकोठडीत आहे असे सांगतात. (आपल्या कानाला त्यात काळकूट ऐकू येते, तेही काही वावगे नाही.) सैनिकांनी माणसांना झोडपले, स्त्रियांवर अत्याचार केले, घर जाळले. ज्या बाईने एका राजाला गादीवरून उतरविले होते, तिला वयाच्या ७६ व्या वर्षी खिडकीतून खाली फेकले. त्या दुखण्यातून त्या उठल्याच नाहीत, १३ एप्रिल १९७८ रोजी वारल्या. चौकशी झाली. निष्कर्ष निघाला की हे कृत्य ‘अज्ञात सैनिका’ने केले. हजार सैनिक आले, आणि गुन्हेगार अज्ञात! आम्ही सरकारी कागदांच्या सहवासात आयुष्य घालविले आहे, पण असा शेरा क्वचितच पाहिला. फेलाने त्याच दोन शब्दांचे गाणे केले. पुढे आईची प्रतीकात्मक शवपेटी तो सोबत्यांसह लष्करी मुख्यालयाच्या दारात ठेवून आला, आणि त्याचेही गाणे केले.

लष्करावरची गाणी गाजली, तरी आम्हाला त्याची दुसरी गाणी अधिक मोलाची वाटतात. ‘यलो फीव्हर’ या गाण्यात कातडी गोरी करणाऱ्या मलमांच्या मागे लागलेल्या काळ्या माणसांना त्याने फटकारले आहे. ज्यांच्या घरी गोऱ्या सुनेच्या जाहिरातींची कात्रणे आहेत त्यांनी ते अवश्य ऐकावे. १९७८ चे ‘शफरिंग अँड श्मायलिंग’ हे तर गरिबाच्या रोजच्या हालांचेच गाणे आहे. खच्चून भरलेली बस, घरी पाणी नाही, वीज नाही, रस्त्यात पोलिसाचा दंडुका, आणि तरीही तो हसतोच आहे, कारण सुख मेल्यावर स्वर्गात मिळणार असे पाद्रीही सांगतो आणि इमामही सांगतो. ते दोघे मात्र याच जन्मी सुखात आहेत. फेलाचे आजोबा स्वतः ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि भजनगायक होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या टीकेची धार कळते.

पण येथे त्याची आरती ओवाळणे आम्हाला मान्य नाही. धर्मगुरूंना नागडे करणारा हा माणूस १९८१ पासून ‘प्रोफेसर हिंदू’ नावाच्या एका घानाच्या जादूगाराच्या नादी लागला. ज्या आईने बाजारातल्या बाईला ताठ मानेने उभे केले, तिच्या मुलाने ‘लेडी’ या गाण्यात पुरुषाची बरोबरी मागणाऱ्या शिकलेल्या बाईची चेष्टा केली. १९७८ मध्ये त्याने एकाच दिवशी २७ जणींशी लग्न लावले. त्याला आफ्रिकी परंपरा म्हणून झाकू नये. २ ऑगस्ट १९९७ रोजी तो एड्सने गेला, आणि ते जाहीरपणे सांगण्याचे धैर्य त्याचे डॉक्टर भाऊ, माजी आरोग्यमंत्री ओलिकोये यांनी दाखविले. त्यांच्या त्या एका निवेदनाची किंमत आम्ही चार गाण्यांहून अधिक धरतो.

आता राज्यकर्त्यांचे पाहू. जनरल बुहारी हे ३१ डिसेंबर १९८३ च्या उठावाने सत्तेवर आले. लोक बेशिस्त आहेत म्हणून त्यांनी ‘बेशिस्तीविरुद्ध युद्ध’ पुकारले. रांगेत नीट उभे न राहणाऱ्यांवर सैनिक चाबूक चालवू लागले. १९८४ मध्ये परदेशी चलन नेल्याच्या आरोपावरून फेलाला पाच वर्षांची शिक्षा झाली, अॅम्नेस्टीने त्याला विचारांसाठी डांबलेला कैदी ठरविले, आणि २० महिन्यांच्या कैदेनंतर, बुहारी गेल्यावर, तो सुटला. १९८९ च्या ‘बीस्ट्स ऑफ नो नेशन’ मध्ये त्याने त्या ‘बेशिस्त’ या शब्दाचा समाचार घेतला आहे. त्याच १९८४ साली सनी ओकोसुन या लोकप्रिय गायकाचे ‘व्हिच वे नायजेरिया’ आले, ते मात्र सौम्य, प्रार्थनेच्या चालीचे. ते सर्वांनाच चालले.

आणि गंमत अशी, की हे दोन्ही जनरल परत आले, आणि मतपेटीतून आले! ओबासान्जो १९९९ ते २००७ राष्ट्राध्यक्ष होते, बुहारी २०१५ ते २०२३. गाणीही परत आली. २००४ साली ईड्रिस अब्दुलकरीम या रॅप गायकाने देश कसा विस्कटलेला आहे हे ‘जागा जागा’ या शब्दात सांगितले. राष्ट्राध्यक्ष ओबासान्जो जाहीरपणे भडकले, गाणे रेडिओवरून बंद झाले, आणि मग ते जास्तच वाजू लागले. बुहारींच्या काळात, २०१८ मध्ये, फाल्झ या गायकाचे ‘धिस इज नायजेरिया’ आले. लाचखोरी, पोलिसांचे गोळीबार, चिबोक येथून २०१४ मध्ये पळविलेल्या २७६ मुली, सगळे त्यात आहे. प्रसारण मंडळाने ते लावणाऱ्या एका रेडिओ केंद्राला एक लाख नायरांचा दंड केला. फाल्झ हा स्वतः वकील, नामवंत मानवी हक्क वकील फेमी फलाना यांचा मुलगा.

बर्ना बॉय हे नाव तर आता जगभर झाले आहे. त्याचे आजोबा बेन्सन इडोनिजे फेलाचे पहिले व्यवस्थापक. त्याच्या २०१९ च्या ‘अनदर स्टोरी’ मध्ये एक आकडा येतो, आणि आम्ही कारकून माणसे असल्याने तो मनात रुतून बसला. १९०० साली इंग्रज सरकारने रॉयल नायजर कंपनीकडून तिचा मुलूख आपल्याकडे घेतला, तो ८ लाख ६५ हजार पौंडांना. विकणारी कंपनी, घेणारे सरकार, आणि विकली गेलेली माणसे खातेवहीत कुठेच नाहीत.

ऑक्टोबर २०२० मध्ये पोलिसांच्या दरोडाविरोधी पथकाच्या जुलमाविरुद्ध तरुण रस्त्यावर आले. २० ऑक्टोबरच्या रात्री लागोसच्या लेक्की टोलनाक्यावर हाती झेंडे घेऊन राष्ट्रगीत म्हणणाऱ्या जमावावर सैनिकांनी गोळ्या चालविल्या. लष्कराने आधी साफ नाकारले. २०२१ मध्ये लागोस राज्याच्याच चौकशी मंडळाने त्याचे वर्णन हत्याकांड असे केले, आणि राज्य सरकारने ते मानले नाही. ‘अज्ञात सैनिक’ चव्वेचाळीस वर्षांनीही अज्ञातच! बर्ना बॉयने त्या तारखेचेच आकडे गाण्याचे नाव म्हणून ठेवले.

मग गाण्यांनी झाले काय, असे कोणी विचारील. नायजेरियात आज वाजणारी बहुतेक गाणी पैसा, गाड्या आणि प्रेम यांचीच आहेत, आणि निवडणुकीत पुढाऱ्यांच्या व्यासपीठावर जाऊन गाणारेही आहेत. नाचता नाचता राग विरून जातो, हा आक्षेपही खोटा नाही. पण राज्यकर्त्यांचे वर्तन वेगळे सांगते. एप्रिल २०२५ मध्ये ईड्रिस अब्दुलकरीमनेच, २१ वर्षांनी, नवे गाणे काढले. राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांच्या मुलाला उद्देशून तो म्हणतो, बापाला जरा लोकांचे हाल सांग. प्रसारण मंडळाने काही दिवसांतच ते रेडिओ-दूरदर्शनवरून बंद केले. तोवर ते देशभर मोबाइलवरून फिरत होते.