थट्टा आणि छळ

मुले एकत्र आली की चेष्टामस्करी होणारच. कबड्डीच्या मैदानावर दोन तुल्यबळ गड्यांची झटापट होते, रागाच्या भरात प्रकरण हातघाईवरही येते. आणि घंटा वाजण्यापूर्वीच ते दोघे एकाच नळावर पाणी पिताना दिसतात. अशा भांडणात फारसे मनावर घेण्याजोगे काही नसते. परंतु कित्येक वर्गांत याहून निराळा असा एक प्रकार चालतो. वरवर पाहणाऱ्यास तोही थट्टेसारखाच भासतो, म्हणूनच तो ओळखणे कठीण जाते.

वडिलांची बदली झाल्यामुळे वऱ्हाडातून पुण्याच्या शाळेत, सातवीच्या वर्गात आलेला एखादा मुलगा डोळ्यांपुढे आणावा. पहिल्या दिवशी तो शेजाऱ्याला सहज विचारतो, "काय करून राहिला?" वर्ग हसतो, तोही हसतो. दुसऱ्या दिवशी ते शब्द त्याचे टोपणनाव होऊन बसतात. मग मधल्या सुटीत दोघेतिघे रोज त्याच्या डब्याभोवती जमतात, त्यातील पोळी उचलतात, वही लपवतात, तो रडकुंडीला आला की "अरे, गंमत केली!" असे म्हणून मोकळे होतात. महिन्याभराने त्याच्या बाकावर कोणी बसेनासे होते. घरी आईने विचारले तर तो "काही नाही" एवढेच सांगतो. सोमवारी सकाळी मात्र त्याचे पोट दुखू लागते. हे सोंग नव्हे. मनातील भीतीने पोट खरोखरीच दुखते.

या प्रकाराचा शास्त्रीय अभ्यास १९७० च्या सुमारास डान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञांनी सुरू केला. ते मूळचे स्वीडनचे. पुढे नॉर्वेतील बेर्गेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. दांडगाईच्या तीन खुणा त्यांनी सांगितल्या. दुखविण्याचा हेतू असणे, तेच ते पुनःपुन्हा घडणे आणि दोन्ही पक्षांचे बळ विषम असणे, या त्या खुणा होत. बळ म्हणजे केवळ दंडातील ताकद नव्हे. एकाविरुद्ध चौघे असणे हेही बळच. आणि जुन्या विद्यार्थ्यांपुढे नवा विद्यार्थी नेहमीच दुबळा ठरतो. हात न उगारताही छळ करता येतो. एखाद्या मुलीशी साऱ्या वर्गाने अबोला धरावा किंवा तिच्याविषयी खोटीनाटी कुजबुज पसरवावी, हाही छळच होय. आता तर भ्रमणध्वनीमुळे ही कुजबुज शाळा सुटल्यावरही थांबत नाही; ती रात्री घरापर्यंत येते.

दांडगाई करणाऱ्याकडे सर्वांचे लक्ष जाते; परंतु भोवती उभ्या असलेल्या मुलांकडे कोणी पाहत नाही. कॅनडातील काही संशोधकांनी शाळांच्या क्रीडांगणांवरील प्रसंगांचे चित्रण करून त्यांचे बारकाईने निरीक्षण केले. २००१ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष विचार करण्यासारखे आहेत. शंभरांपैकी ८८ प्रसंगी इतर मुले तेथे हजर होती. मात्र कोणी मध्ये पडले, असे प्रसंग केवळ १९. आणि ज्या ज्या वेळी कोणी मध्ये पडले, त्यांपैकी निम्म्याहून अधिक वेळा तो छळ १० सेकंदांच्या आत थांबला! हे नवल वाटावे असे असले, तरी त्याचे कारण उघड आहे. दांडगट मुलास प्रेक्षक हवे असतात. डब्यातील पोळीची त्याला भूक नसते. भोवतालच्या हसण्याची असते.

मध्ये पडणे म्हणजे मारामारीस उभे राहणे नव्हे. त्याने भांडण वाढते आणि दुबळ्याला दुप्पट सोसावे लागते. न हसणे, तेथून त्या मुलास खेळावयास हाक मारणे, "पुरे झाले" असे शांतपणे म्हणणे, एवढ्यानेही पुष्कळ काम होते. तेवढ्याने भागत नसेल, तर शिक्षकांना सांगावे. येथे मुलांना चहाडीची लाज आडवी येते. कोणाला शिक्षा व्हावी म्हणून जे कानात सांगितले जाते, ती चहाडी. सोसणाऱ्याची सुटका व्हावी म्हणून जे सांगितले जाते, तिला चहाडी म्हणता येत नाही. एका शिक्षकाने मनावर घेतले नाही, तर दुसऱ्यास सांगावे, घरी सांगावे. कोठेच दाद लागली नाही, तर भारतातील कोणत्याही मुलास १०९८ या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनी करून मदत मागता येते.

मोठी माणसे जागी झाली की चित्र पालटते. नॉर्वेने १९८३ साली देशभर अशी मोहीम हाती घेतली. बेर्गेनमधील ४२ शाळांतील सुमारे २,५०० विद्यार्थ्यांची पाहणी ओल्वेउस यांनी केली, तेव्हा दोन वर्षांच्या आत छळाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दिसले. त्यासाठी काही जगावेगळे करावे लागले नाही. सुटीच्या वेळी शिक्षक मैदानावर हजर राहू लागले, वर्गाने स्वतःचे नियम ठरविले आणि दोन्ही बाजूंच्या मुलांशी व पालकांशी बोलणे झाले. अर्थात, विद्यार्थ्याला नावे ठेवून वर्ग हसविणारा शिक्षक असेल, तर तेथे नियम काय कामाचे? भारतात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे.

वऱ्हाडातून आलेला तो मुलगा मधल्या सुटीत अजूनही एकटाच बसलेला असतो. एके दिवशी पुढच्या बाकावरचा एक वर्गबंधू आपला डबा घेऊन उठतो, त्याच्याशेजारी बसतो, त्याच्यापुढे लोणच्याची फोड सरकवतो आणि विचारतो, "तुमच्याकडे 'करून राहिला' असे नेमके केव्हा म्हणतात रे?"