भय एकीकडे, धोका दुसरीकडे

गोंदियाहून उत्तरेकडे निघाले की महाराष्ट्राची हद्द संपताच मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा लागतो. वैनगंगा या जिल्ह्यातूनच वाहत येऊन पुढे भंडारा-गडचिरोलीकडे जाते. मँगनीज आणि मलाजखंडचे तांबे यांसाठी ठाऊक असलेल्या या जिल्ह्याचा फार मोठा भाग अरण्याचा आहे. अशा मुलखात रोग्यापर्यंत औषध पोचले की नाही याची चौकशी होते. परंतु इंजेक्शन टोचून झाल्यावर त्या सुईचे पुढे काय झाले, हे विचारणारा विरळाच.

वस्तुतः कायद्याची उणीव नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम १९९८ साली आले, सुधारित नियम २०१६ साली. रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या व हातमोजे तांबड्या पिशवीत, काच निळ्या खोक्यात, सुया मात्र न टोचल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात. प्रक्रियेविना कचरा अठ्ठेचाळीस तासांहून अधिक ठेवू नये आणि पंचाहत्तर किलोमीटरांच्या आत सामायिक केंद्र असल्यास तेथेच पाठवावा. बालाघाटहून जबलपूर काय किंवा नागपूर काय, दोन्ही मोठी शहरे रस्त्याने दीडशे किलोमीटरांपलीकडे. जेथे केंद्राची सोयच पोचत नाही अशा दुर्गम जागी दोन मीटर खोल खड्डा, वर चुना व माती, अशी मुभा नियमांनी दिली आहे. पण खड्ड्यापर्यंत वा गाडीपर्यंत ती पिशवी नेतो कोण? कायद्याची खरी कसोटी त्या माणसाच्या हातावर लागते.

आणि त्या माणसाला भय कशाचे वाटते? जे ओंगळ दिसते, ज्याला दुर्गंधी येते, त्याचे. शस्त्रक्रियागृहातून आलेली बादली तो हात लांब करून उचलतो. पिशवीच्या तळाशी लपलेली स्वच्छ, चकचकीत सुई त्याला दिसतही नाही. सुशिक्षित कर्मचाऱ्यांचेही भय असेच चुकीच्या दारी उभे आहे. सुई टोचली की प्रथम एड्स आठवतो. बाधित रक्ताच्या सुईने एचआयव्ही जडण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. उलट 'ब' प्रकारच्या कावीळीची, लस न घेतलेल्याला, शंभरात सहापासून तीसपर्यंत! हा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरतो. गुजरातेत मोडासा येथे २००९ साली वापरलेल्या सुया-सिरिंजा पुन्हा वापरल्याने या कावीळीने अनेक बळी घेतले, तेही आपण विसरलो. तीन मात्रांची लस उपलब्ध असताना हे भय धरायचे की लस टोचून घ्यायची?

यात आणखी एक जुना, अधिक अवघड पेच आहे. आपल्या समाजाने घाणीचा विचार धोका म्हणून केलाच नाही, विटाळ म्हणून केला. विटाळ दुसऱ्याच्या हाती दिला की आपण मोकळे! कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली तेव्हा अन्न कमी करून सत्याग्रह आरंभला. त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास धरला. ते काम सवर्णाने करावे हा तेव्हाचा प्रश्न होता. ते कोणीही केले तरी त्याच्या जिवाला अपाय होऊ नये, एवढा साधा प्रश्न आज उरला आहे, आणि तोही सुटलेला नाही.

आपण गोमंतकीयांनीही बालाघाटकडे बोट दाखवण्याची घाई करू नये. कुंडईला सामायिक प्रक्रिया केंद्र उभे राहिले, ते पहिल्या नियमांना वीस वर्षे उलटून गेल्यावर. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला 'ब' कावीळ व धनुर्वात यांची लस द्यावी, कामावर घेताना आणि पुढे दरवर्षी शिक्षण द्यावे, हे नियमच सांगतात. कंत्राटी झाडूवाला त्यातून वगळलेला नाही. मग रुग्णालयांच्या प्रमुखांनी पिशव्यांचे रंग मोजण्याआधी एक नोंदवही उघडावी: किती सफाई कामगारांना तिसरी मात्रा मिळाली, गेल्या वर्षी कितीजणांना सुई टोचली, आणि त्यांपैकी कितीजणांनी नोकरी जाईल या भीतीने ती गोष्ट कोणालाच सांगितली नाही?