भूगर्भांत कोंडलेला दाब

८ जानेवारी १९९५ रोजीं आंध्र प्रदेशांतील कोनसीमा भागांत, पासर्लापुडी येथें, नैसर्गिक वायूची एक विहीर खोदतां खोदतां एकाएकीं उसळली. वायूनें पेट घेतला, आणि तो अग्नि शांत होण्यास सुमारें ६५ दिवस लागले. जमिनीच्या पोटांत एवढा जोर येतो तरी कोठून?

कृष्णा आणि गोदावरी या दोन्ही नद्या सह्याद्रींत उगम पावून पूर्वसमुद्रास मिळतात. त्यांनीं आणि त्यांच्यापूर्वींच्या प्रवाहांनीं कोट्यवधि वर्षें आणून टाकलेला गाळ त्या किनाऱ्यावर कित्येक किलोमीटर जाडीचा सांचला आहे. त्यांत कोठें वाळूचे थर आहेत, कोठें चिकणमातीचे. आणि प्रत्येक थराच्या छिद्रांत पाणी आहे. वरचा भार वाढला म्हणजे हें पाणी पिळून निघतें, कण एकमेकांस टेकतात आणि भार तेच पेलतात. अशा ठिकाणीं पाण्याचा दाब दर १० मीटर खोलीस चौरस सेंटिमीटरवर सुमारें १ किलोग्रॅम, म्हणजे ३,००० मीटरवर सुमारें ३०० किलोग्रॅम असतो. खडकांचा एकंदर भार याच्या दुपटीहून अधिक असतो.

परंतु गाळ फार त्वरेनें सांचला, तर चिकणमातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्यास निसटावयास अवधि मिळत नाहीं. ओला स्पंज रबरी पिशवींत घालून तिचें तोंड घट्ट बांधावें आणि वर पाटा ठेवावा. पाट्याचा भार बव्हंशीं कोंडलेलें पाणीच पेलील. भूगर्भांतहि हेंच घडतें. शिवाय खोलवरच्या उष्णतेनें गाळांतील सजीवांच्या अवशेषांचा वायु बनतो; तो अधिक जागा मागतो, आणि दाब आणखी चढतो.

वायु पाण्याहून हलका म्हणून वर चढतोच. पण अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जाण्याचीहि त्याची प्रवृत्ति असते. त्यामुळें तो कोंडलेल्या चिकणमातींतून जवळच्या वाळूच्या थरांत ढकलला जातो. त्या वाळूवर अधिक दाबाचा मातीचा थर असेल, तर वायूवर दुहेरी पहारा बसतो: छिद्रें सूक्ष्म, आणि दाब उलट. तेथें त्याचा मोठा सांठा होऊं शकतो. शिवाय दाबामुळें थोड्या जागेंत पुष्कळ वायु मावतो. मात्र दाब खडकाच्या सहनशक्तीपलीकडे गेला, कीं वरचें झांकणच तडकतें आणि सांठा निसटून जातो. म्हणून बाहेरून उत्तम दिसणाऱ्या कांहीं जागीं खोदल्यावर केवळ पाणीच लागतें.

विहीर खोदणाऱ्याचें कामहि याच दोन मर्यादांमध्यें चालतें. बराइटसारखें जड खनिज मिसळलेला चिखल तो विहिरींत भरतो. चिखल हलका पडला तर वायु उसळतो. फार जड झाला तर खडक फुटून चिखलच आंत शिरतो. न दबलेल्या मातींतून ध्वनिलहरी मंद गतीनें जातात, या खुणेवरून खोदण्यापूर्वींच दाबाचा अंदाज बांधतां येतो. जो दाब वायूचें धन राखतो, तोच तें उधळूंहि शकतो. म्हणून वायु शोधण्याइतकेंच त्याचा दाब ओळखणेंहि महत्त्वाचें आहे.