खोटी नोंद आणि सातवी आज्ञा

व्यापारातील नीती हा विषय आपल्या प्रवचनांत क्वचितच येतो. दारू, जुगार, घरगुती कलह यांविषयी आपण निःसंकोच बोलतो. हिशेबाच्या वहीकडे वळताना मात्र आपली वाणी अडखळते. म्हणून हैदराबाद येथील एका घटनेचा येथे विचार करू.

१९८७ साली या शहरात ‘सत्यम’ कंपनी स्थापन झाली. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळास पत्र लिहून हिशेब खोटे असल्याची कबुली दिली. ताळेबंदातील ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. आरंभीची लहानशी तफावत वर्षानुवर्षे वाढत गेली. वाघावर स्वार झालेल्या माणसाची उपमा त्यांनी स्वतःच दिली. ९ एप्रिल २०१५ रोजी विशेष न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरविले. पुढे अपिलात त्यांच्या शिक्षेस स्थगिती मिळाली.

ख्रिस्तसभा नफ्याला पाप मानीत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या ‘चेंतेसिमुस आन्नुस’ या परिपत्रकात नफा हे उद्योग नीट चालल्याचे एक लक्षण मानले. मात्र हिशेब चोख असूनही माणसांची मानहानी होऊ शकते, हेही बजावले. येथे तर हिशेबच खोटा होता. खोट्या नोंदीने आठवी आज्ञा मोडते. त्या नोंदीवर विसंबून कोणी आपली पुंजी गुंतविली, की सातवीही मोडते. १९८७ च्या ‘सोल्लिचितुदो रेई सोचालिस’ मध्ये त्यांनी ‘पापाच्या संरचनां’चा विचार मांडला. अशा संरचनेचे मूळ व्यक्तींच्या कृतींतच असते : एक जण सही करतो, दुसरा डोळेझाक करतो, तिसरा प्रश्न विचारीत नाही.

आपल्यापुढे मोठे उद्योगपती सहसा येत नाहीत. येतो तो कारकून. मालक खोटे बिल लिहावयास सांगतो, नकार दिल्यास नोकरी जाते. त्यास काय सांगावे? नीतिशास्त्र येथे भेद करते. जो दुष्कृत्याचा हेतू मान्य करून साहाय्य करतो, त्याचे सहकार्य कधीच क्षम्य नाही. ज्याचा हेतू तसा नसून कामाचा संबंध दूरचा आहे, त्याच्या बाबतीत हानी किती व सक्ती किती, हे तोलावे लागते. परंतु जो स्वहस्ते खोटी नोंद करतो, त्याचा संबंध दूरचा म्हणता येत नाही. भीतीने दोष कमी होतो. कृत्य निर्दोष होत नाही.

तथापि ‘नोकरी सोड’ असे म्हणणे, ज्याची चूल त्या पगारावर पेटत नाही, त्यास सोपे असते. नकाराचा सल्ला देणाऱ्या धर्मग्रामाने त्या कुटुंबाचा भार काही काळ उचलावयास हवा, दुसरे काम शोधून द्यावयास हवे. एरवी आपला उपदेश म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेले ओझे होय.

शेवटी भरपाई. जक्कयाने केवळ पश्चात्ताप व्यक्त केला नाही. लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. पापक्षमा मिळाली म्हणून परतफेडीचे कर्तव्य संपत नाही, हे आपण पापनिवेदनाच्या वेळी स्पष्ट सांगतो काय?