8,482 मतांचा धडा : अमेरिकेच्या काउंटीपासून आपल्या बूथपर्यंत

"एका मताने काय फरक पडतो?" मतदार नोंदणीसाठी वस्त्यांवर फिरताना आम्ही सर्वात जास्त ऐकलेला प्रश्न हा आहे. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात हमाली करणारा तरुण हे विचारतो. पुण्यात कंपनीत कामाला गेलेला पोरगा फोनवर हेच विचारतो. आणि खंत अशी, की एम. ए. झालेला आपला कार्यकर्ताही कधीकधी हेच विचारतो.

5 नोव्हेंबर 2024 रोजी अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. त्यानंतर पंधरा दिवसांनी, 20 नोव्हेंबरला, महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान झाले. त्या पंधरवड्यात आपल्या पोरांच्या मोबाइलवर अमेरिकेचे लाल-निळे नकाशे फिरत होते. पेनसिल्व्हेनिया कुणाकडे झुकले, हे अनेकांना तोंडपाठ होते. पण आपल्या बूथवर किती मतदार आहेत आणि मागच्या वेळी त्यातले किती आले, हे विचारले तर उत्तर मिळत नव्हते. म्हणून अमेरिकेचेच गणित आधी समजून घेऊ आणि मग ते आपल्या गावाला लावून पाहू.

अमेरिकेत निकाल कुठे ठरतो?

तिथे लोक थेट राष्ट्राध्यक्ष निवडत नाहीत. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक 'इलेक्टोरल' मते येतात. एकूण 538, आणि जिंकायला 270 लागतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली तर ज्याला राज्यात एका मताने का होईना आघाडी मिळेल, त्याला त्या राज्याची सर्व मते मिळतात. त्यामुळे कॅलिफोर्नियासारख्या राज्यात निकाल आधीच ठरल्यासारखा असतो. खरी लढत होते ती कधी इकडे, कधी तिकडे जाणाऱ्या मोजक्या राज्यांत. त्यांनाच 'स्विंग स्टेट' म्हणतात.

काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. काउंटीला स्वतःचे इलेक्टोरल मत नसते, पण राज्याचे पारडे कुठे झुकते ते तिथे दिसते. पेनसिल्व्हेनियातील ईरी काउंटीने 2012 मध्ये ओबामांना, 2016 मध्ये ट्रम्प यांना, 2020 मध्ये बायडेन यांना आणि 2024 मध्ये पुन्हा ट्रम्प यांना आघाडी दिली. चारही वेळा देशाचा निकाल तोच लागला.

2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा 28 लाखांहून अधिक मते जास्त होती. तरी त्या हरल्या. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून सुमारे 78 हजार मतांनी त्या मागे पडल्या. विस्कॉन्सिनमधला फरक 22,748 मतांचा होता. त्याच राज्यातील मिलवॉकी शहरात, जिथे कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती आहे, 2012 च्या तुलनेत सुमारे 41 हजार मते कमी पडली. म्हणजे तिथला निकाल केवळ पक्ष बदलणाऱ्यांनी ठरवला नाही. घरी बसलेल्यांनीही ठरवला.

उलट उदाहरण जॉर्जियाचे. 2018 मध्ये स्टेसी अब्राम्स गव्हर्नरपदाची निवडणूक सुमारे 55 हजार मतांनी हरल्या. त्या आणि त्यांच्यासारख्या अनेक कृष्णवर्णीय कार्यकर्त्या वर्षानुवर्षे दारोदार जाऊन मतदार नोंदणी करत होत्या. हरल्यावरही ते काम थांबले नाही. 2020 मध्ये बायडेन यांनी जॉर्जिया 11,779 मतांनी जिंकले.

आता जालना

आपला राष्ट्रपती खासदार आणि आमदार निवडतात. सामान्य मतदाराच्या हातात असते ती लोकसभा आणि विधानसभा. जालना लोकसभा मतदारसंघात जालना, बदनापूर, भोकरदन, सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. मागच्या चार निवडणुकांतील मताधिक्य पाहा :

- 2009 : रावसाहेब दानवे (भाजप) विजयी, कल्याण काळे (काँग्रेस) यांच्यावर 8,482 मतांनी
- 2014 : दानवे विजयी, 2,06,798 मतांनी
- 2019 : दानवे विजयी, 3,32,815 मतांनी
- 2024 : कल्याण काळे विजयी, दानवे यांच्यावर 1,09,958 मतांनी

दानवे 1999 पासून सलग पाच वेळा निवडून आले होते. 2019 चा आकडा पाहून "इथे आता काही बदलत नाही" असे म्हणणारे आपल्यातही होते. पुढच्या पाच वर्षांत मराठा आरक्षणाचे आंदोलन, शेतमालाचे भाव आणि संविधान बदलण्याची चर्चा हे विषय तापले, आणि सव्वातीन लाखांचे मताधिक्य पुसले गेले. कोणता पक्ष चांगला, हे सांगण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. सांगायचे एवढेच, की कोणताही मतदारसंघ कायमचा कुणाचा नसतो.

दोन मतदार, दोन गणिते

2009 च्या 8,482 मतांकडे पुन्हा पाहू. जिंकणाऱ्याला मत दिलेल्यांपैकी 4,242 जणांनी हरणाऱ्याला मत दिले असते, तर निकाल उलटा लागला असता. कारण पक्ष बदलणारा मतदार एकाचे एक मत कमी करतो आणि दुसऱ्याचे एक वाढवतो. फरक दोनने हलतो. म्हणून पुढारी कुंपणावरच्या मतदाराच्या मागे असतात.

घरी बसलेला मतदार बाहेर पडला तर फरक एकाने हलतो. त्याचे वजन निम्मे दिसते, पण त्याची संख्या खूप मोठी असते. 2024 मध्ये जालना मतदारसंघात साडेएकोणीस लाखांहून अधिक मतदार होते आणि मतदान सुमारे 69 टक्के झाले. म्हणजे सहा लाखांच्या आसपास लोकांनी मत दिलेच नाही. मताधिक्य होते 1 लाख 10 हजार. न आलेले मतदार त्याच्या पाचपटीहून जास्त!

लहान पक्षांबद्दल आणि अपक्षांबद्दल "मते खाल्ली" असा आरोप नेहमी होतो. तोही याच मापाने मोजावा. 2019 मध्ये जालन्यात वंचित बहुजन आघाडीला 77 हजारांहून अधिक मते मिळाली, पण फरक 3 लाख 32 हजारांचा होता. ती सगळी मते दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मिळाली असती, तरी निकाल बदलला नसता. 2024 मध्ये अपक्ष मंगेश साबळे यांना सुमारे 1 लाख 55 हजार मते पडली. ही संख्या मताधिक्यापेक्षा मोठी आहे. तरी ती मते कुणाकडे गेली असती, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आधी मताधिक्य पाहा, मग आरोप करा.

आणि फरक नेहमी लाखांतच असतो असेही नाही. 2024 मध्ये मुंबई उत्तर पश्चिममध्ये लोकसभेचा निकाल 48 मतांनी लागला. विधानसभेला मालेगाव मध्यमध्ये 162 आणि साकोलीत 208 मतांचा फरक होता. एका वस्तीतून तेवढे लोक कामाला बाहेरगावी असतात.

1952 विसरू नका

हा धडा आपल्या चळवळीला नवा नाही. पहिल्या लोकसभा निवडणुकीत बाबासाहेब मुंबईतून उभे होते. मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. त्याच निवडणुकीत 74 हजारांहून अधिक मते बाद ठरली. लोकांनी मते वाया घालवावीत असा प्रचार झाला, अशी तक्रार बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक याचिकेत केली. याचिका फेटाळली गेली. ज्यांनी प्रत्येक प्रौढाला मताचा अधिकार मिळावा म्हणून आयुष्यभर भांडण मांडले, त्यांच्या पराभवाच्या फरकाच्या पाचपट मते मोजणीत धरलीच गेली नाहीत.

आपली मते कुठे जातात?

20 नोव्हेंबर 2024 ला दिवाळी होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. उचल घेतलेली कोयत्याची जोडपी मुकादमाबरोबर निघून गेली होती. कुणी वीटभट्टीवर होते, कुणी वाळूजच्या कंपनीत. त्यांच्यासाठी टपाली मतदान नाही. निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचे प्रात्यक्षिक ठेवले होते, पक्षांनी आक्षेप घेतले आणि विषय मागे पडला. आम्ही विहारात यादी वाचली तेव्हा वारलेल्यांची नावे होती, सासरी गेलेल्या लेकींची होती, पण नव्याने नांदायला आलेल्या सुनांची नव्हती.

उमेदवार पैसा आणि वेळ कुठे खर्च करतो? जिथे निकाल हलू शकतो तिथे. ज्या वस्तीची मते 'आपलीच' म्हणून गृहीत धरली जातात किंवा 'येतच नाहीत' म्हणून सोडून दिली जातात, तिथल्या रस्त्याचे, पाण्याचे, स्मशानभूमीचे काम कुणालाच निकडीचे वाटत नाही. आपली वस्ती यातल्या कोणत्या खान्यात बसते, हे प्रत्येकाने प्रामाणिकपणे तपासावे.

करायचे काय?

1. आपल्या बूथची मतदार यादी मिळवा आणि विहारात सर्वांसमोर मोठ्याने वाचा.
2. 18 वर्षे पूर्ण झालेल्यांचा नमुना 6 भरा. आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. पत्ता बदलणे किंवा दुरुस्ती यासाठी नमुना 8 आहे.
3. बीएलओ कोण आहे ते माहीत करून घ्या. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आत्ताच भेटा.
4. नमुना 20 मध्ये बूथनिहाय निकाल मिळतो. मागच्या दोन निवडणुकांचा निकाल वहीत मांडा. किती आले, किती आले नाहीत?
5. बाहेरगावी असलेल्यांची यादी करा. मतदानाला सुट्टी मिळण्यासाठी मुकादमाशी, कंपनीशी आधीच बोला.

मत कुणाला द्यायचे, हा ज्याचा त्याचा विवेक. पण उमेदवार वस्तीत येईल तेव्हा त्याच्यासमोर ही वही उघडी असली पाहिजे. एवढी नावे आहेत, एवढे लोक येणार आहेत, आता तुम्ही काय करणार ते सांगा. "एका मताने काय फरक पडतो" या प्रश्नाचे उत्तर त्या वहीत सापडेल.

जयभीम!