फोन लावणं सोपं, उचलणं अवघड

बेंगळुरूहून पुन्हा एकदा तुमच्यासमोर. आज टेबलावर दोन जुने मोडेम आहेत, एसपी रोडवरून आणलेले, आणि मधे एक छोटा ईपीएबीएक्स. घरची फोनलाइन आता फायबरवर आहे. त्यातून आवाज तुकड्यातुकड्यांनी जातो. एखादा तुकडा उशिरा आला तर आपल्या कानाला कळतही नाही, मोडेम मात्र लगेच गोंधळतो. म्हणून या दोघांची सोय घरच्या घरीच केली आहे. ईपीएबीएक्सच्या एका एक्स्टेन्शनवरून दुसऱ्याला फोन लावायचा.

लावणं सोपं आहे. कम्प्युटरवर टाइप करायचं ‘एटीडीटी’ आणि पुढे नंबर. ‘एटी’ म्हणजे अटेन्शन, इकडे लक्ष दे. ‘डी’ म्हणजे डायल, ‘टी’ म्हणजे टोन. १९८१ मध्ये अमेरिकेत हेज कंपनीचा स्मार्टमोडेम आला, त्याची ही भाषा. पुढे सगळ्यांनीच उचलली. जुन्या स्ट्रोजर एक्स्चेंजवर ‘टी’ऐवजी ‘पी’ लागायचा, म्हणजे पल्स: पाचाचा आकडा असेल तर लाइन पाच वेळा तोडून जोडायची. ही एक्स्चेंजेस इथेच, दूरवाणीनगरच्या आयटीआयमध्ये बनायची.

आपल्याकडे एक अडचण हमखास यायची. लाइन चालू, कानाला डायल टोन ऐकू येतोय, आणि मोडेम म्हणतोय ‘नो डायलटोन’. कारण तो अमेरिकन टोन शोधतोय, ३५० आणि ४४० हर्ट्झचा मिळून. आपला टोन ४०० हर्ट्झचा, थरथरणारा. उपाय ‘एटीएक्स३’: टोनची वाट बघू नकोस, सरळ डायल कर.

आता उचलणं. समोरच्या मोडेमला ‘रिंग’ दिसते, तिथे ‘एटीए’ द्यायचं. तो लाइन घेतो, क्षणभर गप्प राहतो आणि २१०० हर्ट्झची लांब शिट्टी देतो. ‘इथे मशीन आहे’ हे सांगायला, आणि लांबच्या लाइनवर प्रतिध्वनी दाबणारी यंत्रणा असते, तिला बाजूला व्हायला सांगायला. मग दोघं बोलू लागतात. एकाच तारेवर दोघांनी एकाच वेळी बोलायचं, तर सूर वेगळे हवेत. ३०० बिट वेगाच्या जुन्या पद्धतीत फोन करणारा ९८० आणि ११८० हर्ट्झवर बोलतो, घेणारा १६५० आणि १८५० वर. म्हणून आपण फोन केलाय की घेतलाय, हे मोडेमला आधी ठाऊक असावं लागतं. दोघंही ‘मीच केलाय’ म्हणाले तर जमत नाही.

पैशाची गोष्ट यातच आहे. एक्स्चेंजचं मीटर समोरच्याने लाइन उचलली की पडतं. पुढे ‘कनेक्ट’ आलं की ‘नो कॅरियर’, त्याच्याशी मीटरला देणंघेणं नाही. एसटीडीवर फसलेल्या प्रयत्नाचेही पैसे जायचे. म्हणून स्पीकर चालू ठेवून तो खरखराट ऐकायचा; कुठे अडलं ते आवाजावरून कळायचं.

मोडेमला आपोआप उचलायलाही सांगता येतं, ‘एटीएस०=१’ लिहून. एक रिंग वाजली की घे. मी ते एकदा रात्री तसंच ठेवून झोपलो, बेळगावहून भाऊ फाइल पाठवणार होता म्हणून. बाबांना दवाखान्यात हलवलं होतं आणि आई फोन करत होती. दर वेळी पहिल्याच रिंगला मोडेम उचलायचा आणि तिच्या कानात शिट्टी. तिला वाटलं लाइन बिघडली आहे. मला कळलं ते सकाळी. बाबा सावरले, पण ती रात्र आईने एकटीने काढली. उचलणाऱ्या मोडेमला पलीकडे माणूस आहे की मशीन, हे कळायला मार्गच नसतो. उचलल्याशिवाय कळत नाही, आणि उचलल्यावर उशीर झालेला असतो.

त्यानंतर आमच्याकडे ‘एटीएस०=०’, म्हणजे आपोआप उचलणं बंद. भाऊ आधी साधा फोन करायचा. घरचं बोलणं व्हायचं, मग तो नुसतं ‘एटीएक्स३डी’ द्यायचा, नंबर न लिहिता, आणि मी ‘एटीए’. कॉल तोच, फक्त बोलणारे बदलले. माझी शिट्टी ऐकू आली की दोघांनी रिसीव्हर ठेवायचे. आधी ठेवला तर लाइन कटते, उशीर केला तर खोलीतला आवाज आत शिरतो.

वेग ३३.६ किलोबिटच्या वर जात नसे, डबीवर ५६ लिहिलेलं असलं तरी. ५६ चा वेग फक्त इंटरनेट कंपनीकडून आपल्याकडे येताना, कारण त्यांचं टोक थेट डिजिटल जोडलेलं. दोन घरांमधे दोन्ही टोकं ॲनालॉग. एक एमबीची फाइल म्हणजे चार-साडेचार मिनिटं, तीही कोणी शेजारच्या खोलीतला पॅरलल फोन उचलला नाही तर.

चला, आता हा डावीकडचा मोडेम फोन लावतोय. आवाज जरा वाढवा.